मातीची घरं बांधणाऱ्या दीदी



मातीचं घर म्हणजे गरिबी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज आम्ही ज्यांची ओळख करून देणार आहोत, त्यांनी मात्र मातीच्या घरांवरच नाव कमावलं. त्यांचं नाव दीदी कॉन्ट्रॅक्टर.

दीदींचा जन्म 1929 सालचा, अमेरिकेतला. वडील एडमंड किन्झिंगर हे जर्मन चित्रकार. पुढे ते अमेरिकेत कलेचे प्राध्यापक झाले. नारायण कॉन्ट्रॅक्टर या गुजराती तरुणाशी लग्न करून दीदी भारतात आल्या. आपल्या शेजारच्या नाशकात एकत्र कुटुंबात त्या सून म्हणून नांदल्या. नंतर मुंबईत राहिल्या आणि पुढे हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्यात स्थायिक झाल्या.

वास्तुकलेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, नदीचे गोटे, बांबू आणि छपराला पाटीचा दगड, एवढ्यावर त्यांनी घरं उभी केली, सिद्धबारी गावात दवाखानाही बांधला. यातलं बरंचसं काम साठी ओलांडल्यावरचं! शिकलेसवरलेले तरुण आर्किटेक्ट त्यांच्या हाताखाली शिकायला येत. 2019 साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला. 2021 साली त्या गेल्या.

आता आपल्याकडे बघूया. नगर भागातली जुनी माळवदाची घरं आठवा. मातीची जाड भिंत ऊन हळूहळू आत घेते, म्हणून वैशाखातही आत गार वाटतं. पत्रा मात्र दहा वाजताच तापतो, आणि त्याखाली चुलीपाशी आपणच असतो.

माती पाण्याला भिते, हेही खरं. म्हणून जोतं दगडाचं आणि उंच हवं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडायला हव्यात आणि दरवर्षी लिंपण हवं. हे लिंपण आपल्या आज्या-सासवांनी जन्मभर केलं, पण त्याला कुणी कारागिरी म्हटलं नाही. दीदींनी तीच माती हातात घेतली, तिचा देशानं मान केला.

घरकुल मंजूर झालं की आधी जुनी भिंत पाडली जाते. मैत्रिणींनो, ती पाडण्याआधी थोडं थांबा. भिंत धड असेल तर तिचा स्वयंपाकघराला, धान्याच्या खोलीला उपयोग होईल का, ते घरात बोला. आणि गटाच्या पुढच्या बैठकीला गावातल्या एखाद्या जाणत्या आजीला बोलवा. कुठली माती, किती भुसा, किती दिवस भिजवायचं, हे तिच्याकडून वहीत उतरवून घ्या.