शस्त्रपूजेचा अर्थ : निगा, नेम आणि निग्रह

(खंडेनवमीच्या निमित्ताने पुण्यातील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आज खंडेनवमी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सकाळी शस्त्रपूजन झाले असेल. ज्यांच्याकडे परंपरेने आलेली तलवार आहे, त्यांनी ती पाटावर ठेवली असेल; ज्यांच्याकडे नाही, त्यांनी पाने, पक्कड, लेखणी वा संगणक यांना हळदकुंकू वाहिले असेल. उद्या आपण एकमेकांना आपट्याची पाने देऊ आणि शमीच्या वृक्षाची कथा मुलांना पुन्हा एकदा सांगू. ही कथा सांगताना एक तपशील मात्र आपल्या हातून नेहमी सुटतो. आजच्या विषयाचा आरंभ त्या तपशिलापासूनच करतो.

अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी शस्त्रे शमीवर ठेवली, एवढे आपल्याला ठाऊक असते. महाभारताच्या विराटपर्वात याहून अधिक सांगितले आहे. शस्त्रे झाडावर चढवण्यापूर्वी पांडवांनी आपापल्या धनुष्यांची प्रत्यंचा उतरवली. मग नकुल वर चढला आणि ज्या फांद्या मोडणार नाहीत व जेथे पावसाचे पाणी शिरणार नाही, अशी जागा निवडून त्याने ती घट्ट बांधली. वर्षभर ताणून ठेवलेले धनुष्य ऐन वेळी दगा देते आणि भिजलेले शस्त्र निकामी होते, हे जाणणाऱ्यांची ती कृती होती. वर्षाने ते गांडीव अर्जुनाच्या हाती पुन्हा समर्थपणे टणत्कारले, त्यामागे नकुलाची ही दक्षताही होती. शस्त्रपूजेचा मूळ अर्थ मला येथे दिसतो. शस्त्राची पूजा म्हणजे शस्त्राची निगा, आणि निगा ही वर्षातून एकदा करण्याची गोष्ट नव्हे.

आज मी शस्त्राकडे युद्धाच्या नव्हे, क्रीडेच्या अंगाने पाहणार आहे आणि उदाहरणासाठी रिव्हॉल्व्हर घेणार आहे. चित्रपटांनी हे शस्त्र घराघरांत पोहोचवले. पण ते सांभाळायचे कसे आणि त्यावर स्पर्धा कशी खेळायची, याची माहिती सुशिक्षित कुटुंबांतही क्वचितच आढळते.

यंत्राची साधना

रिव्हॉल्व्हरची रचना वरकरणी सोपी असते. काडतुसे ठेवण्याचे पाच-सहा खणांचे फिरते सिलिंडर, पुढे नळी, मागे घोडा आणि खाली चाप. चाप ओढला की सिलिंडर एका खणाने फिरते, खण नळीसमोर येऊन अडतो आणि घोडा काडतुसावर आपटतो. सारे मर्म त्या 'अडण्या'त आहे. खण आणि नळी यांची रेषा केसभर जरी चुकली, तरी गोळीची कड नळीच्या तोंडाशी खरवडली जाते, नेम बिघडतो आणि शिशाचे कण बाजूला उडतात. सिलिंडर व नळी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. बार उडताना तीतून तप्त वायू बाहेर फेकला जातो. म्हणून रिव्हॉल्व्हर धरणाऱ्याची बोटे कधीही त्या फटीच्या पुढे जाता कामा नयेत, हा पहिला धडा.

सराव संपला की खरे काम सुरू होते. शस्त्र रिकामे आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने, दोन वेळा खात्री करायची. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची. मग गजाला चिंधी किंवा ब्रश लावून नळी आणि प्रत्येक खण स्वच्छ करायचा. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर आणि नळीच्या मुखाशी दारूची काजळी व शिसे साचते, ते काढायचे. वापरलेली काडतुसे बाहेर ढकलणारी जी चांदणीच्या आकाराची चकती असते, तिच्याखालची जागा सर्वांत महत्त्वाची. तेथे न जळलेल्या दारूचा एक कण जरी अडकला, तरी सिलिंडर घट्ट होते आणि ऐन स्पर्धेत चाप ओढवेनासा होतो. स्क्रू सैल झाले आहेत का ते पाहायचे. शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. तेल जास्त झाले तर ते धूळ धरते आणि काडतुसाच्या टोपीत झिरपून बार फुसका करते.

आपल्या हवेसाठी आणखी एक पथ्य. पावसाळ्यात शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये. चामडे ओल धरते आणि लोखंडाला गंज चढतो. चित्रपटातला नायक मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करतो, ते जाणकाराच्या अंगावर काटा आणणारे दृश्य आहे. त्या एका झटक्याने सिलिंडरचा दांडा वाकतो आणि मघाशी सांगितलेली रेषा कायमची बिघडते. दिखाऊपणा शस्त्राचा नाश करतो, हे वाक्य येथे अक्षरशः खरे ठरते.

या शस्त्राचे आपल्या शहराशीही नाते आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेथे बनलेल्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे उमटवलेली असतात. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील परवानाधारकाला पुण्याची ही मुद्रा परिचित असते.

तीन सेकंद

आता स्पर्धेकडे वळू. पंचवीस मीटरवरील 'सेंटर फायर' ही पुरुषांची स्पर्धा पूर्वी रिव्हॉल्व्हरची हक्काची होती. आज बहुतेक खेळाडू तेथे स्वयंभरित पिस्तूल वापरतात. पण त्यांतील अनेक पिस्तुलांत घालतात ते बत्तीस बोराचे काडतूस मुळात रिव्हॉल्व्हरसाठीच घडवलेले आहे. एकूण साठ गोळ्या. पहिल्या तीस संथपणे, पाच गोळ्यांना पाच मिनिटे. लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे पन्नास मिलिमीटर व्यासाचे. पुढच्या तीस गोळ्यांत मोठे वर्तुळ असते, पण लक्ष्य केवळ तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद नाहीसे होते. हात खाली, लक्ष्य दिसताच वर, एकच गोळी, पुन्हा खाली. रिव्हॉल्व्हरवर खेळणारा त्या सात सेकंदांत घोडा मागे ओढतो, श्वास सावरतो आणि मागची गोळी कुठे लागली हे मनातून पुसून टाकतो. हे शेवटचे काम सर्वांत कठीण. स्त्रियांची पंचवीस मीटर पिस्तूल स्पर्धा याच धर्तीवर, लहान बोराच्या पिस्तुलावर खेळली जाते.

परदेशांत याहून वेगळा प्रकार रुजला आहे, तो 'प्रॅक्टिकल शूटिंग'चा. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे स्थापन झाली. अचूकता, शक्ती आणि वेग ही तिची त्रिसूत्री. येथे खेळाडू एका जागी उभा राहत नाही. आखलेल्या मार्गाने पुढे सरकत, आडोशांमागून, वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्ये तो टिपतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागायचे, असा हिशेब. नुसता वेगवान असेल तो हरतो आणि नुसता अचूक असेल तोही मागे पडतो. यात रिव्हॉल्व्हरचा स्वतंत्र गट आहे. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहाच गोळ्या. त्यामुळे कोठे थांबून पुन्हा भरायचे, याचा आराखडा आधीच मनात तयार लागतो. जेरी मिक्युलेक या अमेरिकी नेमबाजाने ११ सप्टेंबर १९९९ रोजी सहा गोळ्या झाडून, सिलिंडर रिकामे करून, पुन्हा भरून, आणखी सहा गोळ्या झाडण्याचा पराक्रम २.९९ सेकंदांत केला. तीन सेकंदांच्या या चमत्कारामागे किती वर्षांची पुनरावृत्ती असेल, याचा विचार करावा.

या खेळातला मला सर्वांत भावलेला नियम गुणांचा नाही, शिस्तीचा आहे. शस्त्र हातातून पडले, नळीचे तोंड ठरलेल्या मर्यादेबाहेर वळले, तर खेळाडू त्या क्षणी संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. तो नवखा असो वा जगज्जेता, सवलत नाही. धावताना किंवा शस्त्र भरताना बोट चापावर आढळले, तरी हीच गत.

निगेची किंमत काय असते, हे आपण टोकियोत पाहिले. २५ जुलै २०२१ रोजी दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकर हिच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत अमूल्य मिनिटे गेली. तिने ५७५ गुण मिळवले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पूर्ण दक्षता घेऊनही यंत्र असा घात करू शकते. मग जेथे दक्षताच नाही, तेथे काय होईल? त्याच मनूने पॅरिसला २०२४ साली दोन कांस्यपदके मिळवली, हेही विसरू नये. बिघडलेले यंत्र दुरुस्त होते. खचलेले मन स्वतःच दुरुस्त करावे लागते.

आपला वारसा

मित्रहो, शस्त्राविषयीचे आपले अज्ञान उपजत नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रबंदीचा कायदा आला. या देशातील युरोपीयांना त्यातून सूट होती आणि या देशाच्या पुत्रांना मात्र परवान्याची बेडी. दोन-तीन पिढ्यांत शिवछत्रपतींच्या महाराष्ट्रातला सामान्य माणूस शस्त्राला अपरिचित झाला. त्या अवस्थेवर उपाय म्हणून धर्मवीर डॉ. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे केले. ते १९३७ साली सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना झाली. तिचे संस्थापक होते लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी गुजरात, आणि सभागृहाच्या शिस्तीचा हा पुरस्कर्ता नेमबाजीचाही आश्रयदाता! त्यांच्या नावाची स्पर्धा आजही देशभरातील नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे.

या बीजाला आलेली फळे आपल्यासमोर आहेत. एन.सी.सी.तून पुढे आलेल्या अंजली भागवत यांनी २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिचला जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, मघाशी सांगितलेल्या पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात, सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळे याने पन्नास मीटर रायफलमध्ये ऑलिंपिक कांस्य पटकावले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी बहात्तर वर्षे थांबावे लागले. कांबळवाडीसारख्या लहान गावातला शिक्षकाचा हा मुलगा, रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी, बालेवाडीच्या क्रीडासंकुलातला सराव आणि दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन. यातली प्रत्येक गोष्ट मध्यमवर्गाच्या आवाक्यातली आहे. आवाक्याबाहेर वाटते ते सातत्य.

प्रदर्शन आणि साधना

आता थोडे कटू, पण आपल्याच माणसांसमोर बोलायचे म्हणून बोलतो. अलीकडे मिरवणुकांत तलवारी नाचवणे, वाढदिवसाचा केक तलवारीने कापणे, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे, हातात पिस्तूल घेतलेली छायाचित्रे मिरवणे, याला काही तरुण शौर्य समजू लागले आहेत. हवेत गेलेली गोळी आकाशात राहत नाही. ती कोणाच्या तरी अंगणात उतरते. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून अशा आनंदोत्सवी गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवण्यात आली. परंतु कायदा नसता तरी आपण हे करू नये, कारण तो शस्त्राचा अवमान आहे. नेमबाजीच्या मैदानावर ज्याला क्षणात बाहेर काढतील, त्याला आपण मिरवणुकीत खांद्यावर घेतो, ही विसंगती आपल्या ध्यानात येत नाही का? संघटनेचे नाव घेऊन कोणी असे करत असेल, तर त्याला रोखण्याचे पहिले कर्तव्य कायद्याच्या रक्षकांआधी आपले आहे.

शक्तीची उपासना करणाऱ्या समाजाने शक्तीचे व्याकरण शिकले पाहिजे. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. आपल्या मुलामुलींपैकी एखाद्याला या खेळाची ओढ असेल, तर त्याला रीतसर मैदानावर, मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे पाठवा. आरंभ दहा मीटरच्या एअर पिस्तुलाने होऊ द्या. रिव्हॉल्व्हर फार पुढची पायरी आहे. पहिल्या दिवशी त्याच्या हाती गोळी मिळणार नाही, केवळ उभे राहणे आणि श्वास घेणे शिकवले जाईल; त्याने निराश होऊ नका. ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे, त्यांनी ते कुलपात ठेवावे, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत, आणि वर्षानुवर्षे ते उघडलेच नसेल तर जाणकार परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे. आज वाहिलेले हळदकुंकूही त्यावर तसेच राहू देऊ नका. ओल धरून तेथेच गंजाचा पहिला ठिपका उमटतो. पूजा झाली की शस्त्र कोरड्या कापडाने पुसावे, तेलाचा हात द्यावा आणि मगच ते जागेवर ठेवावे.

नकुलाने शमीवर बांधलेली शस्त्रे वर्षभर कोणाला दिसली नाहीत, कोणाला इजा झाली नाही, आणि वेळ येताच ती सिद्ध होती. शस्त्रधारी समाजाचे याहून चांगले चित्र मला सुचत नाही. उद्याच्या विजयादशमीच्या आपणां सर्वांना शुभेच्छा देतो आणि माझे भाषण संपवतो.

भारतमाता की जय!