‘कॅरी ऑन’ म्हणजे उठा नव्हे
(थळ येथील गटांच्या बैठकीत केलेले बोलणे)



गेल्या महिन्यात कर्जप्रस्ताव घेऊन आम्ही एका बँकेत गेलो. आपल्या एक मावशी सुकटीच्या धंद्याचा हिशेब सांगत होत्या. मध्येच साहेबांना फोन आला. फोन कानाला लावता लावता ते म्हणाले, “कॅरी ऑन.” मावशींनी कागद पिशवीत भरले आणि उठल्या! आपल्याला कॅरी बॅग माहीत, म्हणून त्यांना वाटलं, कागद उचला नि निघा. साहेबांना वाटलं, यांचं सांगून झालं. आणि मी शेजारी बसून गप्प, ती चूक माझी. प्रस्ताव महिनाभर लांबला.

नुसतं ‘कॅरी’ म्हणजे उचलून नेणं, हे बरोबर. पण पुढे ‘ऑन’ लागलं की अर्थ होतो, थांबू नका, चालू द्या. बोलण्याला लागतो तसा कामालाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तरी सुकट-बोंबील आपण विकतोच ना? तेच धंदा ‘कॅरी ऑन’ करणं. वहीतलं ‘कॅरी फॉरवर्ड’ मात्र वेगळं: मागच्या पानाची बेरीज पुढच्या पानावर घेणं.

तर साहेब ‘कॅरी ऑन’ म्हणाले की खुर्ची सोडायची नाही, हिशेब पुरा सांगायचा. नाहीच कळलं, तर “साहेब, मराठीत सांगा” म्हणायला लाजू नका.

सोमवारी मावशींबरोबर पुन्हा जातेय. बोलणार त्याच.