लेकीसाठी गाईड शोधताना

मागच्या महिन्यात बचत गटाचे हप्ते जमा करून झाले, तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "पोरगी मानवशास्त्रात एम.ए. झाली. आता पीएच.डी. करायची म्हणते. त्याला गाईड लागतो. तो कसा शोधायचा?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग चौकशी केली. तीच आज सांगतो.

मानवशास्त्र म्हणजे माणसांचा अभ्यास. नातीगोती, लग्नाच्या रीती, देवदैवतं, खाणंपिणं, शरीराची ठेवण, सगळं त्यात येतं. त्यासाठी महिनोन्‌महिने लोकांत राहावं लागतं. गाईड म्हणजे त्या कामात वाट दाखवणारे प्राध्यापक.

इरावती कर्वे यांचं उदाहरण घ्या. मुंबईत प्रा. घुर्ये यांच्या हाताखाली शिकून त्या १९२८ साली जर्मनीला गेल्या. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोरे लोक वंशानं श्रेष्ठ, असं मानणारे. त्यांनी इरावतीबाईंना कवट्यांचा अभ्यास करायला दिला. कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात. हा फरक गोऱ्यांत वेगळा दिसेल, असा फिशर यांचा अंदाज होता. बाईंनी कवट्या मोजल्या. वंशावंशांत तसा फरक निघाला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं.

परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध लिहायला केवढं धैर्य लागलं असेल! पण प्रत्येक मुलीवर ही वेळ का यावी? म्हणून गाईड आधीच पारखून घ्यावा.

कसा पारखायचा? आपल्या विषयावर कोणी काम केलंय ते विद्यापीठाच्या विभागात विचारावं. त्यांचे एकदोन लेख वाचावेत. मग छोटं पत्र लिहावं: मी कोण, मला काय शोधायचंय, तुमचं काय वाचलं. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा लिहावं. त्यात कमीपणा नाही. मुख्य म्हणजे त्यांच्या हाताखालच्या मुलींना एकटं गाठून विचारावं. सर किंवा मॅडम लिहिलेलं वाचतात का? वेळ देतात का? घरची कामं सांगतात का? वेगळं मत मांडलं तर ऐकून घेतात का?

जागा आहे का, तेही विचारावं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही.

"लग्न झाल्यावर कसं जमणार?" असं घरात म्हणतात. त्याच नियमांत पीएच.डी.ला साधारण सहा वर्षांची मुदत आहे. बायकांना दोन वर्षं जादा मिळू शकतात. बाळंतपण आणि बाळाच्या संगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते. हे घरच्यांना जरूर सांगा.

आपल्या दारात सर्वेक्षणाला माणसं येतात. कोण उंबऱ्यात बसून नीट ऐकतं आणि कोण नुसता फॉर्म भरून जातं, हे आपल्याला लगेच कळतं. गाईड पारखताना हीच नजर लेकीच्या कामी येईल. आमच्या मैत्रिणीच्या मुलीनं तीन पत्रं लिहिलीत. परवा एकाचं उत्तर आलं, भेटायला बोलावलंय. सोबत आईही जाणार आहे.