लहान संगणकांचे सहकार्य
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



तळहाताएवढ्या एकाच बोर्डावर संपूर्ण संगणक सामावलेला असतो, हे आता नवलाचे राहिलेले नाही. यांपैकी रास्पबेरी पाय हा सुपरिचित बोर्ड २०१२ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आला. विद्यार्थ्यांना संगणकशास्त्राची गोडी लागावी, हा त्यामागील हेतू होता. असे अनेक बोर्ड जोडले की महासंगणक तयार होतो, असे सांगितले जाते. शाळांसाठी सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्यांनी या विधानातील तथ्य पारखून घेणे अगत्याचे आहे.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली तयार केलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकात अनेक ट्रान्सप्युटर एकत्र काम करीत. शेजाऱ्यांशी संदेशांची देवघेव करण्यासाठी प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार जोडण्या होत्या. १९९४ साली अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रातील शास्त्रज्ञांनी १६ साधे संगणक जोडून ‘बेवुल्फ’ हा संच उभारला. २०१२ साली साउदॅम्प्टन विद्यापीठात प्रा. सायमन कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ रास्पबेरी पाय एकत्र आणले. त्यांची मांडणी मुलांच्या लेगो ठोकळ्यांनी केली होती.

आता या सहकार्याची रीत पाहू. प्रत्येक बोर्डाची स्मृती स्वतंत्र असते. एकाच्या स्मृतीत काय आहे, हे दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून सर्व बोर्ड तारांनी एका स्विचला जोडतात, प्रत्येकाला क्रमांक देतात आणि संदेश पाठविण्याचे नियम ठरवितात. ‘एमपीआय’ नावाची अशी नियमावली १९९४ पासून प्रचलित आहे. बहुधा शून्य क्रमांकाचा बोर्ड काम वाटतो व उत्तरे गोळा करतो.

वाटणी कशी करावी, हा खरा प्रश्न आहे. एक ते एक लाख यांमधील मूळ संख्या भागाकार करून शोधावयाच्या आहेत आणि चार बोर्डांना पंचवीस-पंचवीस हजार संख्या क्रमाने दिल्या आहेत, असे समजा. पहिला बोर्ड लवकर मोकळा होईल आणि चौथा सर्वांत मागे राहील, कारण मोठी संख्या तपासण्यास अधिक भागाकार लागतात. संख्या समान दिल्या, तरी श्रम समान झाले नाहीत. त्यापेक्षा लहान लहान वाटे करावेत आणि जो मोकळा होईल त्यास पुढचा वाटा द्यावा. मात्र वाटे फारच लहान केले, तर सारा वेळ निरोपांतच जातो. श्रमदानाची आखणी केलेल्या सदस्यांना हे वेगळे सांगावयास नको.

या सहकार्याला एक मर्यादाही आहे. जीन अॅम्डाल यांनी १९६७ साली ती दाखवून दिली. दहा तासांच्या कामातील एक तासाचा भाग वाटताच येत नसेल, तर हजार संगणक लावूनही ते काम तासाभराच्या आत होणार नाही. शिवाय हे बोर्ड मुळात मंद असतात. चार-आठ बोर्डांचा संच एखाद्या चांगल्या संगणकाला वेगात मागे टाकील, अशी अपेक्षा ठेवून तो खरेदी करू नये.

मग त्याचा उपयोग काय? मोठ्या यंत्राची रचना स्वल्प खर्चात अभ्यासावयास मिळते, हा त्याचा उपयोग. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेने २०१७ साली ७५० बोर्डांचा संच घेतला, तो महासंगणकाच्या कार्यप्रणालीची चाचणी घेता यावी म्हणून. मोठे यंत्र अशा प्रयोगांसाठी अडवून ठेवणे परवडत नाही.

एखादा बोर्ड मध्येच मूक झाला, तर पुष्कळदा सर्वच काम थांबते. कोणास काय दिले याची नोंद ठेवून, ठरल्या मुदतीत उत्तर न आल्यास ते काम दुसऱ्याकडे सोपविण्याची व्यवस्था आपणच लिहावी लागते. वीज अचानक गेल्यास बोर्डातील कार्डावरची माहिती बिघडू शकते. म्हणून आपल्या शाळांनी बॅटरीची सोय आधी करावी.

माझी विनंती एवढीच की, मोठा संच मागविण्यापूर्वी दोन बोर्ड व एक तार घेऊन आरंभ करावा. एकाने प्रश्न पाठवावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे. ते विद्यार्थ्यांनी स्वतः जुळविले आणि शिक्षकांना समजावून देता आले, की पुढील खरेदीस मंजुरी द्यावी. अन्यथा पेट्या कपाटात पडून राहतील.