रेशनच्या पोत्यात नाचणी



देशातली सरकारी गोदामं धान्यानं भरलेली आहेत. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्क्यांहून जास्त मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पोट भरतं, पण अंगी लागत नाही.

याचं एक मूळ धान्यखरेदीत आहे. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं आणि गहू-तांदळाला हमीभावाबरोबर हमखास गिऱ्हाईक मिळालं. त्या काळी टंचाईच डोक्यावर होती. या धोरणानं देशाला सावरलं, हे विसरून चालणार नाही. पण सरकार जे घेतं तेच शेतकरी पेरतो आणि तेच रेशनवर येतं. नाचणीचा भाव जाहीर व्हायचा, घ्यायला मात्र बहुतेक ठिकाणी कुणी फिरकायचं नाही. वरकस जमिनीवरचं हे पीक मागं पडत गेलं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पॉलिश केलेल्या तांदळात दहाच्या आसपास.

ओडिशानं ही गाठ सोडवून दाखवली. २०१७ मध्ये कोरापुट, मलकानगिरीसारख्या सात जिल्ह्यांत तिथलं भरडधान्य अभियान सुरू झालं. पुढच्या वर्षी केंद्रानं नाचणीचा हमीभाव क्विंटलला १,९०० रुपयांवरून २,८९७ रुपयांवर नेला आणि ओडिशानं आदिवासी शेतकऱ्यांकडून प्रत्यक्ष खरेदी सुरू केली. तीच नाचणी रेशनवर दिली गेली. केओंझरच्या अंगणवाड्यांत मुलांच्या हातात नाचणीचे लाडू आले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. नाचणीची कणसं झोडपायची, पाखडायचं, दळायचं, ही सगळी मेहनत बाईच्या अंगावर पडते. ही मेहनत वाचावी म्हणून घरात तांदूळच शिजतो. ओडिशात मळणीची आणि दळणाची यंत्रं बचत गटांना दिली गेली. हे काम हलकं केल्याशिवाय नाचणी ताटात परत येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रातही २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण, मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. योजना चांगलीच आहे. त्या ताटात गावच्या शेतातली नागली म्हणजेच नाचणी, उडीद, कुळीथ आले, तर आईला सकस घास मिळेल आणि शेतकऱ्याला घराजवळचं गिऱ्हाईक.

पालघर, नंदुरबार, अकोले भागातल्या माझ्या श्रोत्यांना म्हणूनच विनंती आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. अंगणवाडीतलं धान्य कुठून येतं ते विचारा, आणि आपल्याच शिवारातली नागली हमीभावानं घ्यावी, असा ठराव करून घ्या.