नियमाबरोबर आधारही हवा



पर्यावरणाचा विषय निघाला की आपण माणसांच्या सवयींवर बोलतो. पिशवी कापडी वापरा, नळ बंद ठेवा. ते बरोबरच आहे. पण मला आज कारखाने आणि छोट्या धंद्यांविषयी बोलायचं आहे. त्यांनी बदलावं असं वाटत असेल, तर त्यांच्या पाठीशी कोण उभं राहणार?

रोह्याचं उदाहरण घ्या. धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत आणि जवळून कुंडलिका वाहते. मोठा कारखाना सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा स्वतः उभारतो. लहानाला ना जागा परवडते, ना तज्ज्ञ. त्यासाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असतं. अशा केंद्रांना १९९१ पासून सरकारी अनुदान मिळू लागलं. २०१२ च्या सुधारित योजनेत केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा २५ आणि उद्योजकांचा २५ टक्के ठरला. एकट्याला न झेपणारा खर्च असा आवाक्यात येतो. पण केंद्र बांधलं म्हणजे नदी स्वच्छ झाली असं नाही. ते रोज नीट चालतं का, हे प्रदूषण मंडळाने तपासायला हवं आणि नदीकाठच्या गावांनी विचारायला हवं.

पेणमध्ये नियम आधी आला. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. मग मुदतवाढ मिळाली. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. पाच वर्षं पेण, हमरापूर, जोहे इथले कारागीर टांगणीला लागले. शाडू माती गुजरातहून येते. मूर्ती जड होते, सावकाश सुकते, प्रवासात तडकते. हा सगळा भार कारखानदाराने एकट्याने का सोसावा? मुंबई महापालिकेने मूर्तिकारांना शाडू माती आणि जागा मोफत दिली. आधार म्हणतात तो याला.

पाणी बिघडलं तर मासेमाराचं पोट जातं, धंदा अचानक बंद पडला तर मजुराचं. दोघंही आपलेच आहेत. म्हणून उद्या एखाद्या संस्थेकडे बदलाची मागणी कराल, तेव्हा सोबत चार गोष्टी मागा : पैसा, प्रशिक्षण, पुरेसा वेळ आणि उघड तपासणी. पहिल्या तिन्ही नसतील तर नियम गरिबाच्या मानेवर बसतो. चौथी नसेल तर अनुदान नुसतंच जिरतं.