दुखणे, आनंद आणि हक्क



मी व्यवसायाने वकील आहे आणि जन्माने सिकलसेलचा रुग्ण आहे. आपल्या विदर्भात म्हणतात तसे, माझा पॅटर्न एस.एस. आहे. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांतून कळ निघते. ती ज्याने सोसली त्याला सांगावयास नको. विदर्भातील आदिवासी बांधवांत, तसेच आपल्या बौद्ध समाजात हा आजार पुष्कळ घरी आहे. म्हणूनच हा विषय आपल्यापुढे मांडण्याचे योजिले.

आजारी माणसाविषयी आपल्याकडे दोनच उद्गार निघतात. एक, 'बिचारा!' दुसरा, 'एवढ्या दुखण्यात केवढे हे कार्य!' मला दोन्ही नकोत. बाबासाहेबांचा देह अखेरच्या वर्षांत मधुमेहाने जर्जर झाला होता, तरी बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथाचे लेखन त्यांनी सोडले नाही, हे आपण मुलांना सांगतो, सांगितलेच पाहिजे. परंतु याच पुरुषाने व्हायोलिनचे धडे घेतले, हे किती घरांत सांगितले जाते? त्यांचा त्याग आपण पाठ केला आणि त्यांची हौस विसरलो.

भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण देहाच्या वेदनेचा. दुसरा, त्या वेदनेपायी मन जो शोक करते त्याचा. दुसरा बाण टाळता येतो. येथे या वकिलाला थोडी पुस्ती जोडू द्या. काही बाण आपले मन मारीत नाही, समाज मारतो. ते डोळे मिटून बसल्याने चुकत नाहीत.

मूल एस.एस. निघाले की सुनेला दोष देतात, माहेरी धाडतात. वस्तुतः असे मूल होण्यास आई व बाप या दोघांकडूनही दोष यावा लागतो. दोघेही ए.एस. म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी एस.एस. होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच होत नाही, म्हणून तपासणीवाचून तो कळत नाही. मग एकट्या सुनेने कोणता अपराध केला? पत्रिका आपण सोडल्या, उत्तम झाले. आता लग्नापूर्वी रक्ताचा कागद पाहा.

दुसरा बाण कचेरीतला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याने सिकलसेलला 21 दिव्यांगत्वांत स्थान दिले. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के राखीव जागांवर आपल्या मुलांचा हक्क आहे. परंतु सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षण देणारे कलम 34 वाचा. त्यातील गटांत रक्ताच्या आजारांचे नाव नाही! शिकण्यापुरते दिव्यांग आणि पोट भरण्याच्या वेळी धडधाकट, हा कोठला न्याय? ही उणीव संसदेकडून भरून घेतली पाहिजे. 2023 साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिचा रोख मुख्यतः आदिवासी भागांवर आहे. तो योग्यच आहे. पण शहरातल्या आपल्या वस्त्यांनी दारी कोणी येईल म्हणून थांबू नये.

आता आनंदाचे. कळ ओसरल्यावर पहाटे मिळणारा पहिला बशीभर चहा, याची सर मला कशालाच येत नाही. थंडीत दुखणे उसळते, म्हणून हिवाळ्यात मी अंगणात उन्हात खुर्ची टाकतो, पाण्याचा तांब्या जवळ ठेवतो आणि संत्रे सोलीत लोकांचे अर्ज लिहितो. आधी बरा होईन, मग हसेन, असे ठरविले असते तर अजून हसलोच नसतो. न्याय मिळेपर्यंत हसू नये, असे म्हणणारे कार्यकर्तेही मला भेटतात. त्यांच्या सभा फार लांबतात!

आपल्या मंडळांस एक विनंती. आजारी सभासदाला बसावयास खुर्ची द्या, पाणी द्या, आणि तो दोन आठवडे आला नाही तर त्याचे नाव यादीतून खोडू नका. अंथरुणात पडूनही मसुदा लिहिता येतो.

दाखल्याच्या अर्जाचे नमुने मी आणले आहेत. सभा संपल्यावर त्या पूर्वेच्या खिडकीशी, जेथे ऊन येते तेथे, मी बसेन. ज्यांच्याकडे तपासणीचे कागद असतील त्यांनी ते घेऊन यावे.

जय भीम.